कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे गाव आज गजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळे सर्वतोमुखी झाले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांना या गावाची ओळख होती ती कापसाची पेठ म्हणून. वऱ्हाडची काळी जमीन म्हणजे कापसाचे माहेरच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. त्यामुळे विलायतेतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास मुंबईहून भुसावळमार्गे निघालेला लोहमार्ग शेगाव, अकोला, बडनेरा ही गावे मागे टाकीत १८६७ साली नागपुरास जाऊन पोचला. पूर्वी घरोघरी हाताने निघणारी सरकी हळूहळू वाफेच्या यंत्रांनी निघू लागली. रुई दाबून तिच्या गाठी बांधणारे कारखाने या लोहमार्गाच्या आश्रयाने खानदेशापासून वऱ्हाडापर्यंत गावोगाव उभे राहिले.

या कारखान्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला, की यंत्रांचा खडखडाट थांबत नसे. यंत्रात कापूस घालण्याचे काम बहुधा बायकाच करीत. यंत्रातून रुई बाहेर पडे, तशी तिच्याबरोबर बोंडांना चिकटलेली माती, वाळलेल्या पानांचा चुरा आणि तुटलेले सूक्ष्म तंतू हवेत उडत. ही धूळ केसांवर, भुवयांवर, लुगड्यांवर पांढऱ्या पुटासारखी बसे आणि श्वासाबरोबर छातीतही जाई. या धुळीपासून होणाऱ्या छातीच्या विकाराला वैद्यकशास्त्राने पुढे ‘बिसिनोसिस’ असे नाव दिले. खोकला, दम लागणे आणि छाती आवळल्यासारखी होणे, ही त्याची लक्षणे होत. परंतु त्या काळी हे सारे नशिबाचे भोग मानले जात. कष्टकरी माणसाने खोकावयाचे आणि पुन्हा कामावर उभे राहावयाचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

वऱ्हाडातील कापसाच्या गाठी आगगाडीत चढत आणि मुंबईस जात. त्यांतील काही बोटींतून विलायतेस रवाना होत, तर काही मुंबईच्याच गिरण्यांत उतरत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतर ताडदेव, भायखळा, परळ या भागांत एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या उंच धुराड्यांतून कोळशाचा काळा धूर दिवसभर निघे आणि भोवतालच्या चाळींवर काजळी धरी. आतली स्थिती याहून बिकट होती. रुई पिंजण्याच्या खात्यात समोरचा माणूस धुळीत अंधुक दिसे. विणण्याच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा उष्ण व दमट ठेवीत. यंत्रांच्या पट्ट्यांना आणि चाकांना कठडे नसत. थकलेल्या कामगाराचा हात वा धोतराचा सोगा त्यांत अडकला, की तो जन्माचा अधू होई.

सूर्योदयाबरोबर गिरणी सुरू होई आणि सूर्यास्तानंतर बंद पडे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. सात-आठ वर्षांची मुले मोठ्यांच्या बरोबरीने राबत. आठवड्याची हक्काची सुटी ही गोष्टच नव्हती. एखाद्या सणाला गिरणी बंद राहिली, तरी यंत्रे पुसून साफ करण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस यावेच लागे. पगार वेळेवर मिळेल याची शाश्वती नसे. ज्यांनी हे सोसले, ते बहुतेक निरक्षर होते. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली ती माणसे एकमेकांना अनोळखी होती. आपले दुःख कोणाला सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हेही त्यांना कळत नव्हते. त्यांच्या या मुक्या दुःखाला वाचा देणारे गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. ते फुलमाळी समाजातले. पोटापाण्यासाठी हे कुटुंब ठाण्यास येऊन राहिले होते. तेथे १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे ठाण्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांना नोकरी पत्करावी लागली. प्रथम त्यांनी रेल्वेत आणि टपालखात्यात काम केले. पुढे ते मुंबईत मांडवी येथील कापडगिरणीत कोठारावरील अधिकारी झाले. हे काम त्या काळच्या मानाने बरे होते. कोठाराचा हिशोब नीट ठेवून, वरिष्ठांची मर्जी सांभाळून त्यांना सुखाने आयुष्य घालविता आले असते. परंतु कोठारातून बाहेर पाऊल टाकले, की त्यांच्या दृष्टीस पडे ती कळकट कपड्यांतली, खोकणारी, डोळे तारवटलेली माणसांची रांग. ती रांग त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली. माणसामाणसांत जन्मावरून भेद मानू नये, विद्या सर्वांस मिळावी आणि कष्टकऱ्यांनी आपल्या बुद्धीने आपला उद्धार करावा, ही त्या समाजाची शिकवण होती. या विचारांचा लोखंडे यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि ते मुंबईतील सत्यशोधक चळवळीचे प्रमुख कार्यकर्ते बनले. शेतकऱ्याच्या घरात जे अज्ञान आणि दारिद्र्य आहे, तेच गिरणीच्या फाटकातून आत गेले आहे, हे त्यांनी ओळखले. कारण गिरणीतला कामगार हा बहुधा कर्जाने वा दुष्काळाने गाव सोडून आलेला शेतकरीच होता.

या कार्यासाठी लोखंडे यांना एक साधन हवे होते. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यास ‘दीनबंधु’ नावाचे साप्ताहिक सुरू केले होते. बहुजन समाजाची सुखदुःखे मांडणारे ते पत्र पैशाच्या अडचणीमुळे टिकाव धरू शकले नाही. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा चालू केले आणि त्याच्या संपादनाची धुरा आपल्या खांद्यावर घेतली. शेतकऱ्यांच्या हालांबरोबर गिरण्यांतील कामाचे तास, अपघात, अडकलेले पगार आणि मुलांचे कष्ट यांची हकीकत आता छापून येऊ लागली. ज्याला वाचता येई तो चाळीच्या ओट्यावर बसून वाची आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. आपल्यावर गुदरते तेच शेजारच्या गिरणीतही गुदरते, हे त्यांना अशा रीतीने प्रथमच उमगले.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १८८१ साली, हिंदुस्थानात कारखान्यांविषयीचा पहिला कायदा झाला. त्यासाठी सोराबजी शापुरजी बेंगाली या दयाळू पारशी गृहस्थांनी मुंबईत खटपट केली होती. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, असे ठरले. धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याचेही बंधन आले. परंतु स्त्रियांच्या आणि प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना या कायद्याने हात लावला नाही. शिवाय शंभर किंवा त्यांहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांच्या आत काम आटोपणारे हंगामी कारखाने त्यातून वगळले होते. कापसाची सरकी काढणारे कित्येक कारखाने असे या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

हा कायदा अपुरा आहे, अशी तक्रार लवकरच होऊ लागली. तेव्हा मुंबई सरकारने १८८४ साली चौकशीसाठी एक आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी ओळखली. आयोगापुढे मालक बोलतील, डॉक्टर बोलतील, सरकारी अधिकारी बोलतील. परंतु ज्यांच्या अंगावर हे सारे बेतते, त्यांचे म्हणणे कोण मांडणार? सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरविली. दिवसभर राबलेली माणसे तेथे जमली. हिंदुस्थानात कामगारांनी स्वतःच्या मागण्या ठरविण्यासाठी भरविलेल्या अगदी पहिल्या सभांपैकी ही एक होय. तेथे ठरलेल्या मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

या अर्जातील मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्वांना पुरती सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्तास थांबावे. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा. काम करताना इजा झाली, तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे पंगुत्व आले, तर निर्वाहाची सोय व्हावी. यांपैकी कोणतीही मागणी चैनीची नव्हती. गिरणीतली हवा स्वच्छ करणारी यंत्रे त्या काळी येथे आली नव्हती. त्या हवेत घालवावयाचा वेळ कमी करणे, हाच शरीर वाचविण्याचा एक उपाय कामगाराच्या आवाक्यात होता. आज वैद्य सांगतात, की कापसाच्या धुळीने आजारी झालेल्या माणसाची छाती सुटीच्या दिवशी मोकळी होते आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी पुन्हा आवळते. हे शास्त्र सुपारीबागेतल्या माणसांना ठाऊक नव्हते. परंतु एका दिवसाची विश्रांती काय मोलाची आहे, हे त्यांचे शरीर त्यांना सांगत होते.

त्याच चौकशीत खानदेशातील सरकी काढण्याच्या कारखान्यांची हकीकत बाहेर आली आणि ती ऐकून आयोगाचे सभासदही स्तिमित झाले असतील. हंगाम जोरात असला, की पहाटे चार-पाचपासून रात्री दहापर्यंत काम चाले. प्रसंगी तर आठ-आठ दिवस रात्रंदिवस यंत्रे थांबत नसत आणि त्यांपुढे उभ्या असलेल्या माणसांनाही थांबता येत नसे. अशा कामाने माणसे दगावतात, हेही साक्षीत नमूद झाले. मुंबईच्या गिरणीकडे निदान शहराचे लक्ष होते. मात्र लोहमार्गाच्या कडेने, दूर गावांत उभ्या असलेल्या या कारखान्यांची विचारपूस करावयास कोणीच जात नव्हते.

एवढे होऊनही १८८४ च्या अर्जाचे फळ तत्काळ मिळाले नाही. आयोगाचा अहवाल आला, परंतु नवा कायदा झाला नाही. मालकांचे म्हणणे असे, की कामाचे तास कमी केले तर बाल्यावस्थेतील हा धंदा बुडेल आणि कामगारांच्याच तोंडचा घास जाईल. कामगारांच्या बाजूने कायदा करण्याचा आग्रह विलायतेतील लँकेशायरचे गिरणीवालेही धरीत होते. परंतु त्यांच्या त्या कळवळ्यामागे मुंबईच्या कापडाशी असलेली स्पर्धा होती. त्यामुळे देशातील अनेक सुशिक्षित लोक आणि वृत्तपत्रे अशा कायद्याच्या विरुद्ध उभी राहिली. कामगारांची बाजू घेणे म्हणजे परक्यांच्या हातात कोलीत देणे, असा त्यांचा समज होता. लोखंडे यांची खरी कसोटी येथे लागली. देशी धंदा वाढावा, असे त्यांनाही वाटत होते; परंतु त्या वाढीचा सारा भार मजुराच्या हाडामांसावर पडावा, हे त्यांना मान्य नव्हते. विलायतेच्या मनात काही असो, मुंबईतल्या बाईच्या आणि मुलाच्या अंगावरील कष्ट खरे आहेत आणि ते दूर झाले पाहिजेत, या एका गोष्टीवर ते ठाम राहिले.

कामगारांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने कार्य चालविले आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आजच्या अर्थाने ती बांधीव संघटना नव्हती. तिच्यापाशी सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि लेखी नियमही नव्हते. तिचे भांडवल दोनच गोष्टींचे होते. एक, ‘दीनबंधु’चे रकाने, आणि दुसरे, लोखंडे यांच्याविषयी कामगारांच्या मनात असलेला विश्वास. तिच्या नावाने वर्षामागून वर्षे अर्ज जात राहिले. एक अर्ज फेटाळला गेला, तर दुसरा लिहावयाचा. एका सभेने भागले नाही, तर दुसरी भरवावयाची. असा त्यांचा क्रम होता. त्यांनी दंगा माजविला नाही की यंत्रांवर हात उगारला नाही. आपले म्हणणे आकड्यांनी, दाखल्यांनी आणि सह्यांनी मांडावयाचे, हा मार्ग त्यांनी कामगारांना शिकविला.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा भरली. सुमारे १०,००० कामगार तेथे जमले होते. त्या सभेचे विशेष असे, की दोन कामगार स्त्रियांनी व्यासपीठावर उभ्या राहून भाषणे केली. भल्या घरच्या बायकांनीही चारचौघांत बोलणे ज्या काळी अनुचित मानले जाई, त्या काळी लुगड्याचा पदर सावरीत दोन मजूर बायका हजारो लोकांसमोर आपले कष्ट सांगत होत्या. फुल्यांच्या सत्यशोधक शिकवणुकीचे हे प्रत्यक्ष फळ होते. सभेने आठवड्याच्या सुटीची मागणी केली आणि तसा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे धाडण्यात आला. या वेळी मात्र मालकांना तो दूर सारता आला नाही. १० जून १८९० रोजी त्यांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

ही बातमी गिरणगावात पसरली, तेव्हा कामगारांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते. वर्षानुवर्षे ज्यांनी आपली मुले केवळ निजलेली पाहिली होती, त्यांना आता आठवड्यातून एक दिवस ती जागी आणि खेळताना दिसणार होती. आज शाळेत जाणारे प्रत्येक मूल रविवारची वाट पाहते. मुंबईतल्या कामगारांना हा दिवस सहा वर्षांच्या खटपटीनंतर मिळाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आणखी एक आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामात सहभागी होण्यासाठी लोखंडे यांना बोलावणे आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आयोगाच्या दारी अर्ज नेला होता, ते आता त्याच्या कामकाजात स्थानापन्न झाले. १८९१ साली दुसरा कायदा मंजूर झाला. त्याने सर्वांना आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली. स्त्रियांच्या कामास दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. मुलांचे किमान वय नऊ वर्षे झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांहून अधिक काम देण्यास मनाई झाली. सुपारीबागेतल्या मागण्यांपैकी काही अशा रीतीने देशाच्या कायद्यात आल्या. तथापि पुरुषांच्या तासांना अद्याप मर्यादा पडली नव्हती आणि चार महिने चालणारे हंगामी कारखाने पुन्हा बाहेरच राहिले होते.

लोखंडे यांची दृष्टी गिरणीच्या भिंतींपुरती मर्यादित नव्हती. विधवांचे केशवपन करण्याच्या क्रूर चालीविरुद्ध त्यांनी आवाज उठविला आणि १८९० साली मुंबईतील नाभिक बंधूंना या कामी आपला हात न लावण्याचा निर्धार करावयास प्रवृत्त केले. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला. एकाच गिरणीत शेजारी शेजारी काम करणारे लोक एकमेकांचे वैरी बनले. तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांची सभा घेऊन सलोखा घडवून आणण्यासाठी लोखंडे झटले. १८९५ साली सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी दिली. पदवी मिळाल्यावर पुष्कळ माणसे लोकांपासून दूर जातात. लोखंडे यांची पावले मात्र पूर्वीप्रमाणेच चाळींच्या बोळांकडे वळत राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईवर प्लेगचे भयंकर संकट कोसळले. पहिले रोगी आढळले ते मांडवीतच. ज्या भागात लोखंडे यांनी गिरणीची नोकरी केली होती, त्याच भागात हा रोग प्रथम प्रकट झाला. बंदरालगतच्या धान्याच्या वखारी, त्यांतील उंदीर, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांत त्याला मोकळे रान मिळाले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखून धोक्याची सूचना दिली. पाहता पाहता साथ गिरणगावात शिरली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने वा बोटीने शहर सोडून गेले. ज्यांच्यापाशी भाड्याचे पैसे नव्हते किंवा ज्यांना जावयास गाव उरले नव्हते, ते मागे राहिले. प्लेगचा रोगी म्हटले, की सख्खे नातलगही दूर सरत.

अशा वेळी लोखंडे मुंबईतच थांबले. गोरगरीब रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. घरोघर जाऊन ते रोग्यांची विचारपूस करीत, घाबरलेल्यांना धीर देत. या रोगाच्या सान्निध्यात राहणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते. अखेर जे व्हावयाचे ते झाले. त्यांना स्वतःलाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या आत होते. यानंतर महिनाभरातच, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनाही याच रोगाने मृत्यू आला. सत्यशोधक समाजाने अशा रीतीने एका महिन्यात आपली दोन अनमोल माणसे लोकसेवेत गमावली.

लोखंडे गेले, तरी त्यांनी चालू केलेले काम थांबले नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही नाहीशी झाली. कामाचे तास पुन्हा वाढले. तेव्हा नव्याने चौकशी होऊन १९११ साली तिसरा कायदा झाला. त्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. या कायद्याची आणखी एक तरतूद खानदेश-वऱ्हाडच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. चार महिन्यांहून कमी काळ चालणारे हंगामी कारखानेही आता कायद्याच्या कक्षेत आले. पहिला कायदा झाल्यापासून यास तीस वर्षे लागली. सरकी काढणाऱ्या यंत्रांपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांची दखल घेण्यास कायद्याला इतका अवधी लागला, यावरून त्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्याचे धैर्य किती मोठे होते, हे कळून येते.

१९१२ साली मुंबईत धुराड्यांच्या धुराला आळा घालणारा कायदा झाला. गिरणीतून निघणारे विष केवळ आतल्या कामगाराला नव्हे, तर भोवतालच्या वस्तीलाही बाधते, हे त्याने मान्य केले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, नवा कारखाना-कायदा आला. त्यात खेळती हवा, स्वच्छता, सांडपाण्याची विल्हेवाट आणि धूळ व धूर यांचे निवारण यांविषयी स्वतंत्र कलमे घालण्यात आली. देशातील नद्यांचे पाणी आणि हवा दूषित होऊ नये, यासाठी १९७४ आणि १९८१ साली निराळे कायदे झाले. यांपैकी एकही कायदा आपोआप झालेला नाही. प्रत्येकाच्या मागे कोणी तरी खोकला सोसला आहे, कोणी तरी सभा भरविली आहे, कोणी तरी अर्ज लिहून त्यावर सह्या मिळविल्या आहेत. कायदा झाल्यावरही तो पाळला जातो की नाही, हे पाहणारी जागरूक माणसे लागतात. ती नसतील, तर कायदा कागदावर राहतो आणि धूळ छातीत जाते.

२००५ साली भारत सरकारने नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या टपालखात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर त्यांची प्रतिमा झळकली. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून आज त्यांचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. त्यांच्यापाशी धन नव्हते, सत्ता नव्हती आणि मोठ्या विद्यापीठाची पदवीही नव्हती. आपल्याभोवती माणसे कशी जगतात आणि कशाने मरतात, हे डोळे उघडे ठेवून पाहणे, पाहिलेले स्पष्ट लिहिणे, आणि ज्यांचे दुःख आहे त्यांनाच एकत्र आणून ते बोलावयास लावणे, एवढेच त्यांनी केले. शेगावसारख्या गावातून निघालेली रुईची गाठ मुंबईत कापड होऊन बाहेर पडेपर्यंत असंख्य हातांमधून जाई. त्या हातांना विश्रांतीचा हक्क आहे आणि त्या छातींना स्वच्छ श्वासाचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी लोखंडे यांनी आपले सारे आयुष्य वेचले.